निळ्या वायरीचे भोयरकाका

भोयरकाका कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे पाहत नसत, भिंतीकडे पाहत. वायर कुठून आली, कुठे वळली, कुणी ती खिळ्यावर लटकवून ठेवली, हे सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं आणि मग सावकाश ते यजमानाकडे वळायचे. आम्ही वर्ध्याजवळ सिंदी मेघेला राहायला गेलो त्या दिवशी ते समोरच्या घरातून आले, दारात उभे राहिले आणि कडी वाजवायची सोडून म्हणाले, "हॅलो, आवाज येते का?" मी सामान टाकून बाहेर आले. काकांनी माझ्या डोक्यावरून आमच्या मीटरकडे पाहिलं आणि विचारलं, "हे वायरिंग कोन्या गाढवानं केलं?" ते वायरिंग माझ्या धाकट्या दिराने केलं होतं. ओळख झाली ती अशी.

टेलिफोन खात्यात ते तीस वर्षं लाइनवर होते. आम्ही शेजारी झालो तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले, काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. उंच, वाळलेला देह, आणि इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. त्यांना चेहरे लक्षात राहत नसत, आवाज मात्र विसरत नसत. बाजारात कुणी नमस्कार केला की काका डोळे मिटायचे, "बोला, बोला," म्हणायचे, आणि समोरचा दोन वाक्यं बोलला की लगेच ओळखायचे. माझ्या सासूबाईंना एकदा त्यांनी सांगितलं, "तुमच्या आवाजात खरखर हाय, डॉक्टरले दाखवून या." सासूबाईंना राग आला. महिनाभराने खरंच डॉक्टरकडे जावं लागलं, त्याचा आणखी राग आला.

काकांकडे एक लाकडी पेटी होती. तिच्यात चाळीस कॅसेटी. मी आधी समजले भजनं असतील. नव्वदच्या दशकात त्यांची ड्यूटी कारंज्याकडच्या जंगलपट्ट्यात होती. खांब पडला, तार तुटली की काका सायकल आणि शिडी घेऊन जायचे. तिकडे कोलामांचा एक पोड होता, म्हणजे वीस-पंचवीस घरांची वस्ती. सायकल टपावर टाकून नेणारी परतीची एसटी येईपर्यंत काका तिथे थांबायचे. तिथली जैतुबाई टेकाम नावाची म्हातारी अंगणात बसून पोरांना कोलामी भाषेत काहीतरी सांगत असायची. काकांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

"मंग रेकॉर्ड कायले केलं?" मी एकदा विचारलं. त्यांच्या संगतीत राहून माझीही शाळेतली मराठी घसरली होती.

"आवाज!" काका म्हणाले. "बाई, काय साफ आवाज होता म्हातारीचा! मी जन्मभर लायनीवर लोकाईचे आवाज आयकले. खोकणारे, खेकसणारे, कुजबुजणारे. असा आवाज नाई आयकला. मले वाटलं, हा जाऊन राह्यला हवेत. धरून ठेवावं."

म्हणजे गोष्टीसाठी नाही, भाषेसाठी नाही, आवाज स्वच्छ आहे म्हणून एका लाइनमनने सहा-सात वर्षं चाळीस कॅसेटी भरल्या. जाताना ते चहापत्ती आणि गूळ न्यायचे. जैतुबाई बोलून झालं की हाताने खूण करून टेप उलटी फिरवायला लावायची, स्वतःचं स्वतः ऐकायची आणि कुठे चुकलं असेल तर मान हलवून पुन्हा सांगायची. काका पुन्हा बटण दाबायचे.

दोन हजार पाचच्या आसपास एक मुलगी त्यांच्या दारात आली. सेवाग्रामला नर्सिंग शिकत होती. नाव सुमन टेकाम. जैतुबाईची नात. आजी जाऊन चार वर्षं झाली होती, आणि पोडावर कुणीतरी तिला सांगितलं होतं की टेलिफोनवाल्या बाबाकडे आजी अजून बोलते.

काकांनी मला हाक मारून बोलावलं. एकट्या मुलीसमोर बसायला ते जरा बिचकले असावेत. टेप लावली. आजीचा आवाज सुरू झाला आणि सुमन ताठ बसली. थोड्या वेळाने आवाज एकदम चढला, काहीतरी फटकारल्यासारखं आलं, आणि त्यात "सुमन" हा शब्द आला. मुलगी फस्सकन हसली आणि दुसऱ्याच क्षणी ओढणी तोंडात कोंबून रडायला लागली.

"काय झालं बेटा?" काका घाबरले.

"मी कोंबड्याईच्या मांगं धावत होती," ती म्हणाली. "आजी गोष्ट सांगता सांगता मले शिव्या देऊन राह्यली."

काकांनी टेप थांबवली. दहा वर्षं ते समजत होते की सुमन ही त्या कहाणीतली राणी आहे.

त्या दिवसापासून सुमन दर रविवारी यायची. तिला कोलामी अर्धीच कळायची. लहानपणी आश्रमशाळेत गेली, तिथे मराठी बोलली, सुट्टीत घरी आली की आजी बोलायची आणि ही मराठीत उत्तर द्यायची. आता आजी गेली होती आणि इकडे वर्ध्यात प्रश्न विचारायला कुणी नव्हतं. ती वही घेऊन बसायची, एकेक वाक्य तीनतीनदा ऐकायची. कळलं तर लिहायची, नाही कळलं तर जागा सोडायची. त्या वहीत रिकाम्या जागा जास्त होत्या. मला तिचं फार वाईट वाटायचं आणि कौतुकही.

इथे कॅसेटींनी दगा द्यायला सुरुवात केली. बुरशी धरलेली, चिकटलेली टेप. एक कॅसेट तर एकदा वाजली आणि शेवटाला पोचता पोचता कटकन तुटली. काकांनी मुलाकडून जुना कॉम्प्युटर मागवला आणि एकेक कॅसेट त्यात भरायला घेतली. बरी होती ती आधी, खराब होती ती शेवटी. तासाची कॅसेट म्हणजे तास मोजून बसायचं. एकेक फाइल तीनशे एमबीच्या वर. आणि काकांना नवीनच चिंता लागली, की हे एकाच डब्यात राहून उपयोग नाही, दुसरीकडे प्रत हवी.

दुसरीकडे म्हणजे कुठे? तर समोर, आमच्याकडे. आमच्या घरी नवा कॉम्प्युटर आला होता. काकांनी शिडी काढली आणि त्यांच्या खिडकीपासून गल्लीवरून, आमच्या कडुलिंबाला वळसा घालून, थेट आमच्या खिडकीत निळी नेटवर्कची वायर आणली. वयाच्या बासष्टाव्या वर्षी झाडावर चढून. खालून मी ओरडत होते, ते वरून मला गाठ कशी मारतात ते शिकवत होते. पुढे मी त्या वायरीवर एकदा टॉवेल वाळत घातला तर समोरून हाळी आली, "बाई, टॉवेल काढा! म्हातारी अर्ध्या रस्त्यात हाय!"

आमचे हे म्हणजे दिलीप. बँकेत नोकरी, आणि नवीन वस्तूंचं भारी वेड. यांनी नागपूरहून, सीताबर्डीवरून, बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणली होती. पुस्तकाएवढी काळी पेटी. ती हातात धरून हे म्हणाले, "काका, वायरीचा जमाना गेला. हे पाहा. जोडलं, भरलं, खिशात टाकलं. तुमच्या नेटवर्कपेक्षा दुप्पट फास्ट."

काकांच्या तीस वर्षांच्या नोकरीवरच घाव घातला हो यांनी! काका शांतपणे म्हणाले, "मोजून पाहू."

रविवारी सकाळी सामना ठरला. तोवर वीस कॅसेटी भरून झाल्या होत्या. मी शिकवते त्या शाळेतल्या खेळाच्या मास्तरांकडून मी स्टॉपवॉच मागून आणलं. सुमन पंच. आधी वायर. काकांनी इकडून फोल्डर ओढून टाकलं आणि तिकडे आमच्या कॉम्प्युटरवर आकडे सरकायला लागले. बारा मिनिटांत सगळं पार. मग यांची पेटी काकांच्या कॉम्प्युटरला जोडली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पट्टी हलेना. मी पोहे केले. पोहे खाऊन झाले. पंचाने वहीत अभ्यास उरकला. काका प्रत्येक दहा मिनिटांनी अगदी गोड आवाजात विचारायचे, "दिलीपभाऊ, पोचली का जी म्हातारी? की कुठं चहा पिऊन राह्यली?" जवळजवळ दोन तास लागले. काकांनी खडूने दाराच्या आतल्या बाजूला लिहिलं: वायर १२ मिनिटं, पेटी १ तास ५० मिनिटं. आमचे हे पेटी उचलून घरी आले आणि दुपारी जेवताना वरणात मीठ कमी आहे म्हणून माझ्यावर घसरले.

पण काका विजयावर झोपणारे नव्हते. चार दिवसांनी तेच आमच्याकडे आले. "हॅलो, आवाज येते का? दिलीपभाऊ, मले चैन नाई पडून राह्यली. तुमची पेटी येवढी ढिली काऊन असंल? कंपनी येडी हाय का?" ते विचारत विचारत मुळापर्यंत गेले होते. त्यांचा कॉम्प्युटर जुना, पेटी जोडायचं त्याचं भोकच जुन्या पद्धतीचं. पेटी कितीही जोमदार असली तरी आत जायची वाट बैलगाडीची. त्यांनी तीच पेटी आमच्या नव्या कॉम्प्युटरला लावली, तेच फोल्डर घेतलं, आणि पाच मिनिटांत प्रत झाली. काका उठले, समोर गेले, आणि दारावर जुन्या ओळीखाली लिहिलं: पेटी नव्या मशीनवर ५ मिनिटं. दिलीप बरोबर. भोयर चूक.

यांना तो सन्मान इतका जड गेला की हे म्हणाले, "असू द्या काका, तुमची वायरही काही वाईट नाही."

मे महिन्याच्या सुरुवातीला सुमन सुट्टीवर घरी निघाली. तोवर तेहतीस कॅसेटी झाल्या होत्या. ती काकांना म्हणाली, "काका, पेटीत भरून द्या ना. मी पोडावर नेऊन ठेवतो."

"तिथं कॉम्प्युटर हाय का?"

"नाई."

"मंग काय करशीन पेटी नेऊन?"

सुमन अगदी सहज बोलली. "आमच्यात बियाणं एका घरी नाई ठेवत. अर्धं मामाच्या घरी ठेवते. आग लागली, उंदीर लागले, तं दुसऱ्या घरचं कामी येते. मामा ते पेरत नाई, खात नाई. नुसतं राह्यते त्याच्या घरी."

काका खूप हसले. कागद घेऊन त्यांनी हिशेब केला: वर्ध्याहून एसटीने आणि पुढे पायी मिळून तीन तास, पेटीत दहा जीबी, म्हणजे वेग साधारण त्यांच्या जुन्या भोकाएवढाच. "सगळ्यात ढिली लाइन तुही, बेटा," ते म्हणाले. पण दिलीपकडून पेटी मागून दिली. हे द्यायला नाखूशच होते. मी डोळे वटारले तेव्हा दिली.

पुढच्या दोन आठवड्यांत काकांनी उरलेल्या सात कॅसेटी कशाबशा भरल्या. सगळ्यात खराब त्याच होत्या. वाजता वाजता दोन तुटल्या, बाकीच्यांचा भुगा निघत होता. भरलेलं त्यांनी लगोलग वायरीने आमच्याकडे पाठवलं. आता चाळीसच्या चाळीस, दोन घरी. काकांनी गल्लीत उभं राहून सांगितलं की आता काही भीती नाही.

त्याच आठवड्यात दुपारी चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं. वळवाचं वादळ. आमच्या कडुलिंबाच्या माथ्यावर असा कडकडाट झाला की माझ्या हातातली कढई पडली. आमच्या कॉम्प्युटरमधून धूर निघाला. मी खिडकीतून ओरडले, "काका!" आणि समोरच्या खिडकीतूनही धूर येताना दिसला.

वीज झाडाशेजारी उतरली होती आणि वायरीने दोन्ही टोकांना गेली होती.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. या माणसाने जन्मभर खांबाखांबावर वीज जमिनीत उतरवायची सोय केली होती. नवी पोरं ती विसरली तर त्यांना शिव्या घातल्या होत्या. आणि स्वतःच्या घरची वायर उघड्यावरून झाडाला बांधून नेताना ती सोय केली नव्हती, कारण ती टेलिफोनची नव्हती, घरची होती. मला बोलायचं होतं. पण पायरीवर बसलेल्या काकांनीच आधी सुरुवात केली.

"दोन घरी ठेवलं होतं बाई," ते म्हणाले. "पन दोन्ही घरं म्याच एका वायरीनं बांधून ठेवले. मी. लाइनमन."

नागपूरच्या दुकानदाराने दोन्ही डिस्क उघडून पाहिल्या आणि हात वर केले. तुटलेल्या टेपा काकांनी चिमट्याने जोडून वाजवल्या, आधी भरलेल्या कॅसेटीही पुन्हा लावून पाहिल्या, पण त्यांचाही लेप भरतानाच खरवडून गेला होता; नुसती खरखर. दोन दिवस ते जेवले नाहीत. मी डबा नेऊन ठेवायची, तसाच परत यायचा. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मी विचारलं कुठे. म्हणाले, "सुमन सुट्टीवरून आली असंल. माह्या तोंडानं सांगतो. दुसऱ्यानं सांगू नये." मी सोबत निघाले तर हातानेच थांबवलं.

संध्याकाळी दोघं परत आले. सुमननेच त्यांना धरून आणलं होतं. ती मला म्हणाली, "मॅडम, काका तिथं हॉस्टेलच्या गेटवर उभे राहून माफी मांगून राह्यले. साऱ्या पोरी पाहून राह्यल्या. मी म्हटलं, काका, पेटी हाय ना मामाच्या घरी! ज्वारीच्या कणगीत." पेटीचा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता असं नाही. पण कॉम्प्युटर नसलेल्या घरातली, कणगीत पडलेली वस्तू चालू असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. सुमनने पुढच्या रविवारी ती आणली. आम्ही ती यांच्या बँकेतल्या मित्राच्या कॉम्प्युटरला लावली, आणि जैतुबाई ठणठणीत आवाजात बोलायला लागली. काका तिथेच, परक्या माणसाच्या घरात, हुंदके देऊन रडले. आमच्या यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि खरं सांगते, लग्नाला बारा वर्षं झाली तरी यांचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

तेहतीस वाचल्या. सात गेल्या. काकांनी कॅसेटींवर टाकलेल्या तारखांवरून कळलं, त्या सातांत एका मोठ्या कहाणीचा उत्तरार्ध होता. दोन बहिणींची कहाणी. एक डोंगरात हरवते आणि दुसरी तिला शोधायला निघते, इथवर तिच्या पहिल्या कॅसेटमध्ये होतं. पुढचं सुमनने ऐकलंच नव्हतं. ती काकांना कधी बोलली नाही, पण तिच्या वहीत त्या कहाणीपुढे चार पानं कोरी ठेवलेली मी पाहिली.

दिवाळीनंतर काकांच्या मुलाने त्यांना लॅपटॉप पाठवला. सुमन म्हणाली, पोडावर एकदा ऐकवू सगळ्यांना. आम्ही चौघं गेलो. दुपारची वेळ, कापूस वेचून बाया नुकत्याच परतलेल्या. जैतुबाईच्याच अंगणात खाटेवर लॅपटॉप ठेवला, काकांनी छोटे स्पीकर जोडले. तीस-चाळीस माणसं जमली. जैतुबाईची धाकटी जाऊ सोनाबाई काठी टेकत आली आणि मशीनकडे पाठ करून बसली. म्हणाली, "मेलेल्या माणसाले कायले उठवता?"

सुमनने नेमकी तीच दोन बहिणींची कहाणी लावली. तिला मी विचारलं नाही का म्हणून.

आवाज सुरू झाला. पोरांच्या आया पोरांना दाबून बसल्या. कुणी हसलं, कुणी मान हलवली. सोनाबाई हळूहळू वळली. अर्ध्या-पाऊण तासाने दुसरी बहीण डोंगराच्या पायथ्याशी आली आणि फाइल संपली. काकांनी मान खाली घातली. कहाणी एवढीच उरली आहे हे त्यांना सगळ्यांसमोर सांगावं लागणार होतं.

तेवढ्यात सोनाबाई बोलायला लागली.

कुणी सांगितलं नाही, विचारलं नाही. आवाज घोगरा, दात नाहीत, मधे खोकला. पण जिथे जैतुबाई थांबली होती तिथूनच तिने पुढचं पाऊल टाकलं, हे आम्हाला भाषा न येताही समोरच्या चेहऱ्यांवरून कळलं. सुमनने झटकन काकांच्या पिशवीकडे हात नेला, रेकॉर्डरसाठी. काकांनी तिचा हात धरला. वायर, पेटी, प्रत, यांत ज्या माणसाचा जीव अडकलेला, तो हळूच म्हणाला, "थांब बेटा. आधी तू आयक. मशीनले उद्या सांगू, आजी कुठं पळून नाई चालली."

सुमन उठून सोनाबाईच्या पायाशी जाऊन बसली. कहाणी चालू राहिली. मधेच म्हातारी थांबली, काठीने सुमनला ढोसलं आणि काहीतरी विचारलं. सुमन अडखळली, मग कोलामीत उत्तर दिलं. सगळं अंगण हसलं. म्हातारीने तिचं वाक्य दुरुस्त केलं. सुमनने ते पुन्हा म्हटलं, आता न अडखळता, आणि तिच्यापाठोपाठ दोन लहान पोरींनीही म्हटलं.

पुढच्या वर्षी काका पुण्याला मुलाकडे गेले, मग भेट झाली नाही. सुमन मात्र अजून पोडावर जाते आणि तिच्या वह्यांचा आता गठ्ठा झाला आहे. पण मला काका दिसतात ते त्या अंगणात, खाटेच्या पायथ्याशी उकिडवे बसलेले, डोळे मिटलेले.

तेव्हा मी वाकून विचारलं, "काय म्हणाली हो म्हातारी?"

"मले काय मालूम," काका डोळे न उघडता म्हणाले. "सुमनले मालूम हाय ना? बस झालं."